ताजी सही लॅमिनेट होणार नाही

लालमहंमद चांगला माणूस आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं पुढं सांगायला मला जड जातं.

लातूरला आमच्या क्लासच्या गल्लीत त्याचं दुकान. आठ बाय दहाची खोली. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल, आणि मागं बाप-आजाकडून आलेला पुस्तकबांधणीचा शिकंजा. बाहेर बोर्डावर हातानं लिहिलंय : ‘ताजी सही लॅमिनेट होणार नाही. उद्या या.’ गल्लीत पंचवीस क्लास, तितक्याच मेस, हजारो पोरं. एवढ्या गर्दीत गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणणारा हा एकटाच. मी क्लासमध्ये पोरांना सांगून हसवायचो, “लालूभाईच्या मशीनला सुद्धा मुहूर्त लागतो रे!”

मी शेषेराव. केमिस्ट्री शिकवतो. लातूरला दोन हॉल, नांदेडला एक शाखा, बसच्या मागं माझा फोटो. आणि तरी दर रविवारी चार वाजता माझ्या पोटात दुखायचं, कारण त्या वेळेला लालमहंमदच्या दुकानात कार्डांची बैठक भरायची.

कार्डं म्हणजे क्रिकेटवाल्यांची. आम्ही पोरं होतो तेव्हा च्युइंगमच्या पाकिटात यायची, मागं धावा-विकेटांचे आकडे. आता त्याची मोठी थेरं झालीत. सीलबंद खोके येतात, एका खोक्यात मोजकी पाकिटं, आणि नशीब असलं तर एखाद्या कार्डावर खेळाडूची सही. नवी मालिका बाजारात आली की नांदेडचा रामकिशन, मेडिकलवाला, हैदराबादहून खोका मागवायचा आणि तसाच, न फोडता, लातूरला घेऊन यायचा. कशाला? तर लालूभाईनं आधी बघावं म्हणून. हदगावहून लोक यायचे, बिलोलीहून यायचे. पैसा लोकांचा, खोका लोकांचा, आणि मान कुणाला? दहावी नापास जिल्दसाजाला!

त्याची पद्धत मात्र बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोलू. पाकीट फोडलं की आठ-दहा कार्डांची गड्डी तो पुस्तकासारखी उभी धरायचा आणि अंगठ्याचं नख कडेवरून सरकन फिरवायचा. नुसत्या आवाजावर सांगायचा, “कागद दोन थरांचा हाय, मधी गोंद कमी. चार पावसाळ्यांत उलंल.” मग कार्ड नाकाला लावायचा. मग खिडकीकडं तिरपं धरून सहीवरून बोटाचं टोक फिरवायचा. एकदा मी मुंबईहून मागवलेलं कार्ड, चकचकीत, सोनेरी कडेचं, मोठ्या ऐटीत त्याच्यासमोर टाकलं. एका भारी फलंदाजाची सही. सगळी बैठक आ वासून बघतेय. लाल्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, सही खरी हाय. पण चिकटवलेली हाय. त्यानं सह्या कुठंतरी पारदर्शक पट्टीवर केल्या, कंपनीनं त्यातली एक आणून हितं डकवली. ह्या माणसानं हे कार्ड हातात धरलंच न्हाई.”

झालं. मिठाचा खडा पडला. रामकिशन म्हणाला, “हात् तिच्या!” आणि सगळे पुढच्या पाकिटाकडं वळले. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. तो वर तोंडदेखलं म्हणतो कसा, “छान हाय सर, जपून ठेवा.”

बैठकीत तो मला ‘सर’ म्हणायचा. दोघंच असलो की तो मला ‘शेष्या’, मी त्याला ‘लाल्या’. आम्ही मुरुडचे, एका बाकावरचे.

आणि मूळ दुखणं तिथलंच आहे. भूकंपाच्या वर्षी आम्ही सातवीत होतो. त्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे अजून सगळं जागेवर होतं तेव्हा, माझ्याकडं हेमंत सोनवलकरचं कार्ड आलं. हा एक डावखुरा गोलंदाज, नुकताच संघात आलेला, कुणी विचारत नव्हतं. मी ते लाल्याच्या गळ्यात मारलं आणि त्याच्याकडून दोन नामी फलंदाजांची कार्डं घेतली. घेतली आणि वर शाळाभर सांगत हिंडलो, लाल्याला कसा उल्लू बनवला!

मग तीस तारखेला जमीन हलली. किल्लारीकडं जे झालं ते मी सांगायला नको. मुरुडात भिंतींना भेगा गेल्या, माणसं महिनाभर अंगणात झोपली. बार्शीच्या रस्त्यानं मदतीच्या गाड्या रात्रंदिवस जायच्या, आणि त्यातली एक आमच्या स्टँडवर चहाला थांबली. ब्लँकेटांच्या ढिगावर एक उंच माणूस बसला होता. लाल्यानं ओळखलं. मी नाही ओळखलं! लाल्या पळत घरी गेला, कार्ड घेऊन आला, चहावाल्याचा पेन घेतला. सोनवलकरनं गुडघ्यावर कार्ड ठेवून सही केली, त्याला नाव विचारलं, पाठीवर हात ठेवला. मी शेजारी हातात दोन नामी फलंदाज घेऊन उभा.

पुढं सोनवलकर चार सामने खेळला, खांदा गेला, परदेशात निघून गेला. कुठं दिसला नाही, कुणाला सही दिली नाही. आता त्याची सही म्हणजे बैठकीतल्या लोकांच्या भाषेत ‘कोहिनूर’. लाल्याच्या अल्बमात पहिल्या पानावर. नवा माणूस आला की रामकिशन म्हणणार, “लालूभाई, तेवढं सोनवलकर दाखवा की.” आणि लाल्या दाखवणार. हात धुऊन, पुसून. वीस-बावीस वर्षं मी हे बघत आलो. अहो, ते कार्ड मूळ माझं आहे! पण हे म्हणायची सोय नाही, कारण मग दोन फलंदाजांची गोष्ट निघते आणि लोक मलाच हसतात.

तर एका उन्हाळ्यात माझ्या डोक्यात किडा वळवळला. हदगावच्या एका जुन्या दोस्ताच्या ट्रंकेत त्या मालिकेची कोरी कार्डं निघाली, त्यात एक सोनवलकर. मी ते मागून घेतलं. मनाशी ठरवलं, यावर सही आपणच करायची. बैठकीत लाल्यापुढं ठेवायची. तो ‘खरी’ म्हणाला की उठून सांगायचं, ही मी केलीय. संपला विषय. नजर, नाक, नख, सगळं धुळीला. त्याचं दुसरं होतं काय? शिक्षण नाही, पैसा नाही. लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास तेवढा होता, आणि मला नेमका तोच हवा होता.

आठवडाभर वहीवर सही गिरवली. इतक्या कष्टानं मी एम.एस्सी.लाही काही गिरवलं नव्हतं. जुन्या पद्धतीचा निळा बॉलपेन शोधला. कार्ड उन्हात ठेवलं, चहाच्या वाफेवर धरलं. केमिस्ट्रीचा माणूस ना मी! एकच भीती होती, त्याच्या बोटाची आणि नाकाची. त्यावर तोड सोपी होती : लॅमिनेशन. आपल्याकडं काय लॅमिनेट करत नाहीत? गुणपत्रिका, रेशनकार्ड, देवाचा फोटो, आजोबाचा फोटो. जे जपायचं ते प्लास्टिकमध्ये घालायचं, ही आपल्या लोकांची रीतच. कुणाला शंका यायचं कारण नाही. नांदेडच्या शाखेत बसून सकाळी सही केली आणि दुपारी तिथल्याच एका दुकानात कार्ड मशीनमधून काढून घेतलं. गुळगुळीत, बंद. फिरव म्हणावं आता बोट!

रविवार आला. मी माझे दहा-बारा विद्यार्थी सोबत घेऊन गेलो. मुद्दाम. पोरांनी बघायला हवं होतं. त्यात धम्मप्रिया होती, बिलोलीची, क्लासमधली सगळ्यात हुशार मुलगी, तिलाही कार्डांचा नाद. मी कार्ड लाल्यासमोर ठेवलं. “लालूभाई, बघा बरं. तुमच्या कोहिनूरचा भाऊ सापडला.”

बैठक पुढं सरकली. रामकिशननं चष्मा लावला. लाल्यानं कार्ड उचललं, खिडकीकडं धरलं.

“कुठं मिळालं सर?”

“हदगावला. जुन्या दोस्ताकडं.”

“सही केलेलंच मिळालं?”

“मग काय मी केली?” असं म्हणून मी पोरांकडं बघून हसलो. पोरंही हसली.

त्यानं कार्ड परत तिरपं केलं. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या पोरांकडं बघितलं. “राहू द्या की सर. प्लास्टिकमधल्याचं मी सांगत नसतो.”

“नाही नाही, तसं नाही चालायचं. सगळ्यांचं सांगता, माझं का नाही? एका शब्दात सांगा. खरी का खोटी?”

लाल्यानं कार्ड खाली ठेवलं. “खरी हाय,” म्हणाला.

माझ्या छातीत ढोल वाजला हो! मी उठलो, टाळी वाजवली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, “ही सही मी केलीय! आठ दिवस गिरवून, ह्या हातानं! पेन हा बघा!” खिशातून पेन काढून दाखवला. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. रामकिशन म्हणाला, “काय लालूभाई, तुम्ही बी फसलात?” पोरांनी शिट्ट्या मारल्या.

लाल्या हसला नाही, चिडलाही नाही. शिकंज्यावरची धूळ हातानं झाडल्यासारखी केली. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाला.

त्या दिवशी मी घरी बासुंदी आणली. बायको म्हणाली, काय निकाल लागला का? म्हटलं, लागला.

पुढचा रविवार माझ्या हॉलमध्ये. एसी, खुर्च्या, चहा, बिस्किटं. रामकिशन खोका घेऊन थेट माझ्याकडं आला. मी कार्डांची गड्डी उभी धरली, कडेवरून नख फिरवलं. काही कळलं नाही. फोनवर आधीच वाचून ठेवलं होतं ते बोललो : छपाई उत्तम, मालिका मर्यादित, भाव चढेल. लोकांनी माना डोलावल्या. लाल्या आला नाही. कुणी त्याचं नावही काढलं नाही. मी तेवढं बघत होतो, नाव निघतं का. नाही निघालं. सात-आठ महिने असेच गेले, आणि मी सुखात होतो, हे सांगायला मला लाज वाटते पण होतो.

मग एका मंगळवारी धम्मप्रिया माझ्या केबिनमध्ये आली. तिला वसतिगृहासाठी क्लासचा दाखला हवा होता, तो मी तासापूर्वी सही करून दिला होता. ती म्हणाली, “सर, लालूभाई लॅमिनेट करून देईनात. म्हणतात सही ताजी हाय, उद्या ये. आणि मला तर पाचच्या बसनं बिलोलीला जायचंय.”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता माझ्या सहीला अडवायला लागला का? सूड उगवतोय! उठलो तो तडक दुकानात. कित्येक महिन्यांनी पायरी चढलो.

“लालूभाई, काय प्रॉब्लेम आहे?”

“प्रॉब्लेम न्हाई सर. सही वाळली न्हाई. मशीनमधी फुटती.”

“पेनानं केलीय, पाण्यानं नाही. टाका.”

“सर, ऐका, पोरीचा दाखला खराब होईल.”

“दुसरा देईन. टाका म्हणतो ना!”

त्यानं दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि मशीनमध्ये सरकवला. दुसऱ्या बाजूनं गरम, चकचकीत कागद बाहेर आला. लाल्यानं तो माझ्यापुढं ठेवला. छापलेली अक्षरं होती तशीच. माझी सही मात्र कडेनं सुटली होती, प्रत्येक रेघेला बाहेरून निळसर धुरकट किनार, ओल्या कपड्याचा रंग बाजूला उतरावा तशी.

“बघा,” तो धम्मप्रियाला म्हणाला, “शाई आतून ओलीच असती. वरून कळत न्हाई. गरम लागलं की गोंदात उतरती. जुनी सही असली की अशी फुटत न्हाई, कितीबी तापवा. दिवसाला शंभर काढतो मी. लांबूनच कळतं, कालची का आजची.”

मी त्या किनारीकडं बघत राहिलो. ही किनार मी आधी पाहिली होती. माझ्या टेबलाच्या खणात, सोनवलकरच्या सहीभोवती. तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, जुनाट दिसतंय.

धम्मप्रियाला म्हटलं, जा, ऑफिसातून दुसरा दाखला घे, मी येतो सही करायला. ती गेली. दुकानात आम्ही दोघंच.

“लाल्या,” मी म्हणालो, “त्या दिवशी तुला कळलं होतं.”

तो मशीनचं बटण बंद करत होता. “सोड की शेष्या.”

“कळलं होतं का नव्हतं?”

“हातात घेतल्या घेतल्या.”

“मग खरी का म्हणालास?”

“आता काय सांगू तुला,” तो स्टुलावर बसला. “मला वाटलं, तू खरंच खोटं कार्ड खरं म्हणून मिरवून राहिलास. तुझ्यामागं तुझी पोरं उभी. आईबाप वावर विकून इथं पाठवतात त्यांना, तुझ्या शब्दावर चालतात ती. त्यांच्यासमोर म्हणू, तुमचे सर खोटारडे हायेत? दोनदा तुला वाट दिली की बाबा, उचल. तू कुठं ऐकतोस. मग म्हटलं जाऊ दे, एक डाव खोटं बोलू. तू टाळी वाजवशील हे मला काय माहीत?”

“मग तेव्हाच सांगायचं होतंस, मला कळलं होतं म्हणून!”

“हरलेला माणूस तेच म्हणतो रे. कोण ऐकतं?”

मी बाहेर आलो. रस्त्यानं चालताना मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू! मी त्याला उघडा पाडायला गेलो आणि तो मला झाकत होता. म्हणजे यातही तोच वर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नजर त्याची मोठी होती ते मी कसंबसं सोसलं असतं. मनही त्याचंच मोठं निघावं? माझ्या वाट्याला काही ठेवायचं की नाही माणसानं?

चार रात्री झोप नाही. रविवारी बैठक जमली, रामकिशननं नवा खोका टेबलावर ठेवला. मी म्हटलं, हा उचला, लालूभाईच्या दुकानात चला. सगळे गोंधळले, पण आले. लाल्या स्पायरल घालत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, “त्या दिवशी लालूभाई चुकले नव्हते. त्यांना कळलं होतं. मला पोरांसमोर वाचवायला ते खोटं बोलले.”

आता गंमत बघा. रामकिशन हात जोडून म्हणाला, “वा सर! मोठ्या मनाचे तुम्ही. पडलेल्या माणसाला असं उचलून घेतलं!” बाकीचेही तसंच काही बोलायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओरडलो, “अहो, मोठं मन कसलं घेऊन बसलात!” आणि खिशातून माझं कार्ड काढलं. शेजारी तो फुटलेला दाखला ठेवला, लाल्यानं नमुना म्हणून भिंतीला लावलेला. “ही किनार बघा. ही बघा. ही तासाभराची सही, आणि ही सकाळी करून दुपारी मशीनमधून काढलेली. हा माणूस दिवसाला असे शंभर कागद काढतो. त्याला दिसलं नसेल? तुम्हाला मला दिसलं नाही, कारण आपल्याला काही येत नाही!”

रामकिशननं चष्मा पुसला, वाकून दोन्ही बघितलं, मग लाल्याच्या तोंडाकडं बघितलं. कुणी हसलं नाही. धम्मप्रिया मागं उभी होती, ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं बघू शकलो नाही. मग रामकिशननं खोका उचलला, माझ्यासमोरून, आणि लाल्याच्या पुढ्यात ठेवला. “फोडा लालूभाई.”

आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या पोटात दुखलंच. सवयच ती, एका दिवसात थोडीच जाते.

लाल्यानं खोक्याला हात लावला नाही. आधी माझं कार्ड उचललं. “सर, हे मला देता का?”

“कशाला? जाळून टाक.”

तो अल्बम घेऊन आला. हात धुतले, पुसले. पहिलं पान काढलं, आणि मुरुडच्या स्टँडवरच्या त्या सहीच्या शेजारच्या कप्प्यात माझं खोटं कार्ड सरकवलं. रामकिशन म्हणाला, “अहो, कोहिनूरच्या शेजारी हे?”

“ऱ्हाऊ द्या,” लाल्या म्हणाला. “डकवलेली न्हाई ही. करणाऱ्यानं कार्ड हातात धरून केली. आठ दिवस माझा विचार करून केली.”

आजही नवा माणूस आला की लाल्या ते पान उघडतो. डावीकडं सोनवलकर, उजवीकडं मी. तो माणूस विचारतो, ही दुसरी कुणाची? लाल्या सांगतो, “आमच्या शेष्याची.” आता सगळ्यांसमोर शेष्याच म्हणतो. मी कोपऱ्यात चहा पीत बसलेला असतो, आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो.